शिकाबाने हिमे आणि १०८ चा आकडा

'शिकाबाने हिमे' या जपानी अ‍ॅनिमे सिरीजबद्दल वर कोणीतरी म्हटलंय की मकिनाला, म्हणजे त्यातल्या मरून पुन्हा उठलेल्या नायिकेला, १०८ उठलेली प्रेतं मारायला लावणं म्हणजे उगाच टाकलेला आकडा आहे, ते मला अजिबात पटलं नाही. अहो जपानी बौद्ध परंपरेत माणसाला बांधून ठेवणाऱ्या वासना १०८ मानतात, ३१ डिसेंबरच्या रात्री तिथल्या देवळांत घंटासुद्धा १०८ वेळा वाजवतात, आपल्या जपमाळेतही तेवढेच मणी. आणि या सिरीजमधली प्रेतं उठतात तीच मुळी जीव कशात तरी अडकला म्हणून, आपल्याकडे पिंडाला कावळा शिवत नाही म्हणतात ना, तसंच. म्हणजे ती मारते ते राक्षस नाहीत, अपुऱ्या इच्छा आहेत, आणि ती स्वतःही त्यातलीच एक!! मला तर हे फार लागलं.

२००८ चा पहिला सीझन 'आका' संपताना (स्पॉयलर आहे, न बघितलेल्यांनी पुढे वाचू नका) केईसेई, म्हणजे मकिनाला साथ देणारा भिक्खू, मरतो तो एपिसोड मी दोनदा बघितला, दोन्ही वेळा रडले. फाइट्स मस्तच, दोन्ही हातात मशीनगन वगैरे, पण खरा जीव त्या भिक्खू आणि मकिनाच्या नात्यात आहे. २००९ चा 'कुरो' पण सोडू नका, तिथे केईसेईचा मानलेला धाकटा भाऊ ओरी मकिनाला साथ द्यायची जबाबदारी घेतो.