तबकड्या, स्पूल, कॅसेट: संगणकावर आधी काय उतरवायचं?

निळी_फीत
संग्रह असा आहे: ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे) ४० तबकड्या, ७ इंची ६ स्पूल (उघड्या रिळावरच्या फिती), दीडेकशे कॅसेट (बहुतेक सी-६० म्हणजे ६० मिनिटांच्या, थोड्या सी-१२०). नाट्यगीतं, कीर्तनं, रेडिओवरून भरलेले कार्यक्रम. काही कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी आहे. हाताशी स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअर आणि ३३/४५/७८ चालणारा टर्नटेबल आहे. तबकड्या सगळ्यांत जुन्या म्हणून त्यांपासून सुरुवात करावी, असा विचार आहे. क्रम बरोबर आहे का? आणि सेटिंग काय ठेवायचं?

रिळवाला
क्रम उलटा करा. ७८ची तबकडी म्हणजे लाख आणि दगडाची भुकटी. हातातून पडली नाही तर ती कुठे जात नाही. फितीवरचा लोहकण मात्र एका चिकट थराने धरून ठेवलेला असतो आणि दमट हवेत तो थर सुटतो.

पहिल्यांदा स्पूल. रीळ उजेडासमोर आडवं धरा. उजेड आरपार दिसला तर फीत ॲसिटेटची. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर बाकी सगळं सोडून ती घ्या, आणि तोवर इतर फितींपासून लांब ठेवा. मग सी-१२०, कारण त्यांची फीत फार पातळ, ताणली जाते आणि गुंतते. मग उरलेल्या कॅसेट. तबकड्या शेवटी. मधल्या काळात कुणी यातलं काही सीडीवर लिहून ठेवलं असेल तर ती सीडी आजच कॉपी करा. तिच्यातला रंग उडतो, आणि काम दहा मिनिटांचं आहे.

बुरशीची कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका. तिचे कण हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) चिकटतात आणि पुढच्या कॅसेटवर जातात. सिलिका जेलसोबत बंद डब्यात आठवडाभर सुकवा. नंतर मास्क लावून, गॅलरीत बसून, एखाद्या टाकाऊ डेकवर फितीला मऊ कोरडं कापड हलकेच टेकवून पुढे-मागे गुंडाळा. फितीला दाबणारा फेल्टचा तुकडा गळला असेल तर आवाज बसका आणि हलता येतो. अशा वेळी फितीच्या दोन्ही चकत्या दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या कॅसेटच्या खोक्यात हलवा.

यूएसबी प्लेअर बाजूला ठेवा. त्यातल्या बऱ्याच यंत्रांचा वेग डुलतो. जुना डेक घ्या, त्याच्या लाइन-आउटमधून इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणाऱ्या डबीच्या) लाइन-इनमध्ये जोडा. माइकच्या भोकात नको, आवाज फाटतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर पाच-सहा कॅसेटनंतर पुन्हा.

बहुतेक जण इथे चुकतात: हेडशेजारचा स्प्रिंगवाला बारीक स्क्रू. भरताना हेडचा कोन वेगळा असेल तर तिखट स्वर गायब होतात. ते नंतर संगणकावर परत आणता येत नाहीत. आवाज मोनो करून स्क्रू पाव-पाव फेरा हलवत ऐका. झांज, चिपळ्या सगळ्यांत स्वच्छ वाजतील तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला, दोन्ही बाजूंना. कॅसेटवर डॉल्बीची (खरखर कमी करणाऱ्या सोयीची) खूण नसेल तर डेकवरची डॉल्बी बंद.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डीबीच्या आत. तासाला साधारण १ जीबी होतं, म्हणजे दीडशे सी-६०ला १५५च्या आसपास. एमपी३ वाटायला ठीक, जपायला नाही.

लाखेची_तबकडी
क्रमाशी सहमत. तबकड्यांची भर घालतो.

सुई आधी बदला. एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची, ७८ला सुमारे ७५ लागते. बारीक सुई खोबणीच्या तळाशी धुळीत घासत जाते आणि नुसती खरखर देते. सुईचा तबकडीवरचा भार ३ ते ५ ग्रॅम. जुन्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने वाजवून पाहायचा मोह आवरा, ती तबकडी खरवडते. धुताना अल्कोहोल अजिबात नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, लेबल कोरडं ठेवून.

वेगाचा घोळ मोठा आहे. सुरुवातीच्या अनेक तबकड्या नेमक्या ७८वर भरलेल्याच नाहीत. ७५ची तबकडी ७८ला लावली की स्वर ४ टक्के चढतो, म्हणजे अर्ध्या सुराहून थोडं कमी. गळा चिरका वाटतो, तबला घाईत. पेटी काळी-पांढरीच्या मधोमध लागली तर शंका घ्यावी, पण जुन्या पेट्यांचे सूरही आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाशी जुळतीलच असं नाही, म्हणून एवढ्यावर निर्णय नको.

टर्नटेबलच्या प्रीॲम्पमधला वक्र (खर्ज आणि तिखट स्वर ठरावीक प्रमाणात कमी-जास्त करणारी दुरुस्ती) १९५४नंतरच्या तबकड्यांसाठी आहे. तो १० किलोहर्ट्झला जवळजवळ १३.७ डीबी कापतो, म्हणून ७८ची तबकडी मंद वाटते. सॉफ्टवेअरमध्ये तो उलटा फिरवून मग कानाने बेतावं. उतरवताना स्टीरिओच घ्या, नंतर दोन्ही बाजू एकत्र करा. खालवरची खरखर त्यात बरीचशी मरते.

ध्वनिमुद्रणाचं शेपूट कापू नका. १९०२च्या ध्वनिमुद्रणात गायिका गौहर जान शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगते. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथे गाणारा कोण ते कळावं, म्हणून ही सोय होती. पुढेही काही काळ ही पद्धत राहिली.

निळी_फीत
एका स्पूलला वास आहे. आज तेच लावतो. वेग सेकंदाला ९.५ सेंमी का १९, ते कसं ओळखायचं?

रिळवाला
बोलणं लागेल तिथे ऐका. आवाज खर्जातला, लांबलेला आला तर वेग कमी आहे, चिमुकला आला तर जास्त. ९.५ ला १२०० फुटी रीळ एका बाजूला तासाहून थोडं जास्त चालतं. वासाचं रीळ पुढे-मागे जोरात पळवू नका. ती फीत ठिसूळ झालेली असते, तुटते. पहिल्याच फेरीत रेकॉर्डिंग सुरू ठेवा.