पावसाचा स्नो होणार म्हणे आज रात्री. मी तर झोपतोय.

ओलीगोधडी (एडिसन, न्यू जर्सी), संध्या. ७:४०
दुपारपासून फोनवर नुसता धुमाकूळ. बाहेर ३८ फॅरनहाइट, तासाभरापूर्वी पाऊस लागलाय, आणि अंदाज असा की मध्यरात्रीनंतर त्याचा स्नो होऊन पहाटेपर्यंत तीन ते पाच इंच. पोरांनी पायजमे उलटे घातलेत, उशीखाली चमचे ठेवलेत (शाळेला सुट्टी मिळावी म्हणून इथल्या पोरांचा तोडगा).
माझं मत स्पष्ट आहे. 'आधी पाऊस, मग स्नो' हा अंदाज आमच्या सेंट्रल जर्सीत बहुतेकदा फुसका निघतो. थंडी येते पश्चिमेकडून, ॲपलाचियन डोंगर ओलांडून. तिथे ती रेंगाळते, आणि अलीकडे उतरताना हवा थोडी तापते, कोरडीही होते. तोवर ओलावा समुद्रावर पोचलेला असतो. पाहुणे दारात आणि पंगत उठलेली. मग पहाटे चार भुरभुरे कण पडतात, त्यांचे फोटो काढायचे. सोळा वर्षं बघतोय. जागरण करू नका.

साडेतीनची_खिडकी (पार्सिपनी), रात्री ८:०५
पंगतीचं उदाहरण फक्कड आहे, पण ते थंड हवेची आघाडी सरकत येते तेव्हाचं. आज किनाऱ्यालगत लो (कमी दाबाचं क्षेत्र) तयार होतोय. अशा वेळी थंडी सगळी बाहेरून यावी लागत नाही, पाऊस स्वतःच बनवतो. वरून पडणारा बर्फाचा कण वितळताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. सरी जितक्या जोराच्या तितकी हवा झपाट्याने गार, आणि शून्य अंशाची (सेल्सिअस, म्हणजे ३२ फॅरनहाइट) पातळी खाली खाली बसत येते.
तुमच्या ३८ कडे बघूच नका. ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) ३१ आहे, म्हणजे वेट बल्ब (बाष्पीभवनाने हवा जिथवर गार होऊ शकते ते तापमान) ३५ च्या आसपास. बाष्पीभवनानेच तीन अंश गेले समजा. उरलेलं काम सरींचा जोर करेल.
आणि २९ ऑक्टोबर २०११ विसरलात? पावसानेच सुरुवात झाली होती. वेस्ट मिलफर्डला १९ इंच! झाडांची पानं गळायची होती, त्यावर ओला बर्फ साचून फांद्या तारांवर कोसळल्या. ईशान्येकडच्या राज्यांत मिळून तीस लाखांवर ग्राहक अंधारात होते.

ओलीगोधडी, रात्री ८:२२
अहो, वेस्ट मिलफर्ड डोंगरात आहे. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात २.९ इंच. तुम्ही पार्सिपनीकर उंचावर बसून आम्हा सखल भागवाल्यांना आशा लावता.
आणि 'जोराच्या सरी' ही तुमची अट आहे, अंदाज नाही. सरी आल्या तर स्नो, नाही आल्या तर 'थोडक्यात हुकलं'. असं तर मीही भविष्य सांगेन.

पौडफाटा (पुणे)
३८ म्हणजे सव्वातीन अंश का? आमच्याकडे वेण्णा तळ्याकाठी दवबिंदू गोठले की 'महाबळेश्वरात बर्फ' अशी बातमी येते आणि लोक गाड्या काढतात. तुम्ही पाच इंचांवर भांडताय. चालू द्या, चहा घेऊन बसलोय.

नाईटशिफ्टवाली (एडिसन), रात्री ८:५०
दोघेही इंचांवर भांडताय. मला पहाटे पाचला हॉस्पिटलला निघायचंय, आणि 'आधी पाऊस' हाच सगळ्यात वाईट प्रकार. स्नो पडणार असेल तर रस्त्यांवर आदल्या दिवशीच मिठाचं पाणी मारून ठेवतात. पण आधी पाऊस झाला की ते धुऊन जातं. मग ओल्या डांबरावर पारा एकदम खाली येतो. वर अर्धा इंच स्नो, खाली काच. टीव्हीवर 'फक्त अर्धा इंच' सांगतात आणि हायवेच्या रॅम्पवर गाड्या आडव्या. माझं मत विचाराल तर ज्यांना सकाळी कुठे जायचं नसतं त्यांनाच ही हौस परवडते.

साडेतीनची_खिडकी, रात्री ९:१०
ताई, माफ करा, पण हे पटलं नाही. हौसेपायीच आम्ही दर तासाला तापमान बघतो, काय पडतंय ते कळवतो. तुमच्या रॅम्पवर आत्ता पाऊस आहे की बर्फ हे रडारवरून दर वेळी नेमकं कळत नाही, खिडकीतून बघणारा माणूस लागतो. मी नाही पाडत हो स्नो.

ओलीगोधडी, रात्री ९:३०
ताईंचा मुद्दा मान्य. पण मग अंदाज सांगणाऱ्यांनी तरी तोल ठेवावा. १४ मार्च २०१७ आठवा. न्यूयॉर्कला ब्लिझर्डचा (हिमवादळाचा) इशारा, शाळा बंद. वर उबदार हवेचा थर घुसला, स्नोचं स्लीट (वाटेत वितळून पुन्हा गोठलेले बर्फाचे दाणे) झालं आणि सेंट्रल पार्कात ७.६ इंच. राग त्याचा नाही. आदल्या दुपारीच हवामान खात्यातल्या लोकांना आकडे उतरताना दिसत होते, तरी त्यांनी अंदाज खाली आणला नाही. हे मागाहून बातम्यांत आलं. आपल्याला काय लहान मुलं समजतात?

बर्फी_नव्हे_बर्फ (बॉस्टन)
मी उलट म्हणेन की बरोबर केलं. आदल्या संध्याकाळी अंदाजातल्या १८ इंचांचे ८ केले असते आणि रात्रीत ते परत १६ झाले असते तर? गाडीच्या वायपरसारखा इकडून तिकडे हलणारा अंदाज लोक ऐकणंच सोडून देतात. शिवाय स्लीट म्हणजे काही सुट्टी नव्हे. सात इंच स्लीटमिश्रित माल फावड्याने उचलून बघा, कंबर सांगेल. आणि थोडं आत, डोंगराकडे, दोन फुटांहून जास्त स्नो पडला होता.

ओलीगोधडी
म्हणजे माझ्या भल्यासाठी माझ्यापासून लपवायचं. नको. 'आठ ते अठरा, आणि का ते सांगतो' असं म्हणा ना. मला का कळणार नाही?

बर्फी_नव्हे_बर्फ
तुम्हाला कळेल. पायजमे उलटे घालणाऱ्यांना फक्त अठराच ऐकू येतं.

साडेतीनची_खिडकी, रात्री १:४८
पार्सिपनीत पालट झाला. आधी दिव्याखाली थेंब जाड दिसायला लागले, मग त्यांचा वेग कमी झाला. आता कापसाचे बोळे पडताहेत, ३३ अंश. गवतावर पांढरं, रस्ता काळाच. रडारवर वितळणाऱ्या बर्फाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतोय. गोधडीवाले, तासाभरात तुमच्याकडे.

ओलीगोधडी, रात्री २:५०
तासाभरात काय, नुसता पाऊस आहे. ३५.

साडेतीनची_खिडकी
झोपणार होतात ना?

ओलीगोधडी, रात्री ३:२०
पाणी प्यायला उठलो होतो. बाल्कनीच्या रेलिंगवर टिकटिक आवाज येतोय. हात बाहेर काढला तर साबुदाण्याएवढे दाणे, उडी मारून खाली पडतात. स्लीट. पाऊस नाही आणि स्नोही नाही, म्हणजे मी जिंकलो.

साडेतीनची_खिडकी
पाण्याचं घन झालं की पालट झाला. मी जिंकलो.

बर्फी_नव्हे_बर्फ
स्लीटमध्ये दोघांनी हरायचं असतं.

नाईटशिफ्टवाली, पहाटे ४:५५
एडिसन, २९ अंश. गाडीचं दार उघडत नाहीये, कडेचं रबर गोठलंय. गरम पाणी ओतू नका हे माहितीये, काच तडकते. दुसरं काही?

ओलीगोधडी, पहाटे ४:५८
दार ओढू नका, रबर फाटेल. आधी अंगाने आत दाबा, कडेचा बर्फ फुटतो. नाहीच जमलं तर डिकीकडून आत शिरा. आणि रॅम्प टाळून आतल्या रस्त्याने जा, समोरचा मिठाचा ट्रक आत्ता कुठे सुरू झालाय.