रोपांच्या पाट्या: कशावर लिहिता, कशाने लिहिता, आणि किती वेळा फसलात?

धागा काढायला कारण शेजारच्या काकू. मार्चमध्ये मिरचीचे तीन प्रकार पेरले: ज्वाला, भावनगरी, ढोबळी. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांच्या पट्ट्या कापल्या, परमनंट मार्करने सुवाच्य अक्षरात नावं लिहिली, फोटोही काढले. पुण्याच्या गच्चीवरचं एप्रिल-मेचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. रोपं बदलायच्या वेळी बघते तर पट्ट्या कोऱ्या करकरीत. अंदाजाने "ही भावनगरी" म्हणून दोन रोपं काकूंना दिली. लांब, पोपटी मिरच्या लागल्या, काकूंनी हौसेने भजी केली, आणि पहिला घास काकांनी घेतला. ती ज्वाला होती. काका अजून माझ्याशी जपून बोलतात.

तर भाजीच्या बागेत नावं कशी टिकवता ते लिहा. फसलेले प्रयोग आधी.

खिडकीतली बाग, ठाणे

आइसक्रीमच्या काड्या. स्टेशनरीच्या दुकानात गठ्ठ्याने मिळतात, लिहायला छान, दिसायलाही छान. जुलैपर्यंत. मग मातीतला भाग काळा पडून कुजतो आणि काडी आडवी होते. आता काडीचा खालचा दोन बोटं भाग वितळलेल्या मेणबत्तीत बुडवून घेते. एक पावसाळा निघतो. दुसऱ्याची आशा धरू नका.

निवृत्त मास्तर, सातारा

मार्करवरचा 'परमनंट' हा शब्द पाण्यापुरता आहे, उन्हापुरता नाही. शाईतला रंग अतिनील किरणांनी मोडतो, म्हणून अक्षर उडतं. शिसपेन्सिलीत असतं ग्राफाइट, म्हणजे कार्बन. त्याचं ऊन काही वाकडं करू शकत नाही. माझ्या लाकडी पट्टीवरचं 'मुळा' दोन वर्षांनीही वाचता येतं. मुळा कधीच खाऊन झाला.

गुळगुळीत प्लास्टिकवर पेन्सिल उमटत नाही हे खरं. आधी पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा. श्रीखंडाचे डबे मात्र सोडाच, उन्हाळाभर तापले की बोट लावताच तुकडा पडतो.

परसदार, रत्नागिरी

आमच्याकडे पाऊस आणि वाळवी या दोघांच्या तावडीतून जे सुटेल तेच खरं. कागद, पुठ्ठा, लाकूड सगळं करून झालं. शेवटी फुटक्या कौलांचे तुकडे घेतले. त्यावर ऑइल पेंटने फक्त आकडा: १, २, ३. बाकी सगळं वहीत: काय पेरलं, कधी, बी कुणाकडचं. मृगाच्या आधी पडवळ, काकडी, दोडक्याचे आळे केले की त्याच दिवशी वहीत नकाशा काढतो. पाटी हरवली तरी नकाशा असतो.

एक सावधगिरी. शेवग्याला आणि आंब्याच्या एका कलमाला पत्र्याचे बिल्ले तारेने आवळून बांधले होते. खोड जाड होत गेलं, तार सालीत रुतली, आणि वाऱ्यात कलम नेमकं तिथेच मोडलं. बांधायचंच तर सैल बांधा आणि दरवर्षी बघा.

चुरडून वास घेणारी, नाशिक

मी पाट्याच लावत नाही. टोमॅटोचं पान चोळलं की वास सांगतो, मिरचीचं पान गुळगुळीत, वांग्याचं रुंद आणि लव असलेलं. एवढं पुरतं.

खिडकीतली बाग, ठाणे

कोबी, फ्लॉवर आणि नवलकोलची चार पानांवरची रोपं वेगळी करून दाखवा, मी इथे लेखी माफी मागते.

चुरडून वास घेणारी, नाशिक

😀 नाही येत. मागच्या हिवाळ्यात फ्लॉवर समजून आठ नवलकोल वाढवले.

निवृत्त मास्तर, सातारा

वाईट वाटून घेऊ नका. ती तिन्ही वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच जातीची आहेत. मोठी झाल्याशिवाय घराणं सोडून नाव कळत नाही.

अंबाडीवाली, परभणी

पाटी फक्त आपल्यासाठी नसते, हे मला सोसायटीने शिकवलं. गच्चीत दोन ड्रममध्ये अंबाडी लावली होती. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी, अजून काय हवं? झाडं पुरुषभर झाली आणि एका रविवारी सेक्रेटरी दोन सदस्यांना घेऊन वर आले. पाच-पाच बोटांची कातरलेली पानं बघून कुणीतरी "वर गांजा लावलाय" असं कळवलं होतं. मी जागच्या जागी पानं खुडून त्यांना चाखायला दिली. आंबट लागल्यावर चेहरे निवळले. या अंबाडीचं शास्त्रीय नावसुद्धा 'हिबिस्कस कॅनाबिनस' (कॅनाबिस म्हणजे गांजा), म्हणजे नाव ठेवणाऱ्यालाही तेच वाटलं असणार! आता ड्रमवर पांढऱ्या ऑइल पेंटने ठळक लिहिलंय: 'अंबाडी. भाजीची.'

घरातल्यांसाठीही पाटी लागतेच. सासूबाईंनी नुकतं उगवलेलं गाजर गवत म्हणून दोनदा उपटलंय. आणि पेरून आठ दिवस झालेली कोथिंबीर म्हणजे बघणाऱ्याला रिकामी कुंडीच, लगेच कुणीतरी त्यात तुळस खोचतं.

तळघरातली रोपं, न्यू जर्सी

इथे मार्चमध्ये तळघरात दिव्याखाली रोपं करायची, मेच्या मध्यावर थंडी सरली की बाहेर लावायची. म्हणजे पाटीला दोन महिने आत आणि पाच महिने बाहेर टिकायचं असतं. मी कोल्ड्रिंकचे ॲल्युमिनियमचे कॅन कात्रीने कापते, पट्टी जुन्या मासिकावर ठेवते आणि संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहिते. अक्षर कोरलं जातं, शाईच नाही तर उडणार काय? चौथं वर्ष चालू आहे. कडा मात्र ब्लेडसारख्या असतात, त्या आत दुमडून घ्या. मी बोट कापून शिकले.

नावं देवनागरीत लिहिते. लेकीने 'ळ' आणि 'ड' पडवळ, घेवडा यांच्या पाट्यांवरच गिरवले. ढेमसं हा शब्द तिला इतका आवडला की ढेमसं न खाताही ती दरवर्षी लावायला लावते.

बी राखणारा, अकोला

नुसतं 'भेंडी' लिहून काय उपयोग? कुठली भेंडी? मी तीन गोष्टी लिहितो: वाण, पेरल्याची तारीख, बी घरचं की पाकिटातलं. माहेरच्या गावाहून बायकोने परभणी क्रांतीचं बी आणलं होतं. शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाला ती दाद देत नाही म्हणून नावाजलेली. शेजारच्या ओळीत पाकिटातली संकरित. पाट्या पावसात वाहून गेल्या, आणि मी पुढच्या वर्षासाठी नेमक्या संकरित झाडाच्या शेंगा वाळवल्या. पुढच्या वर्षी एक झाड ठेंगणं, एक ताडमाड, एकाच्या शेंगा चार बोटांच्या. संकरिताच्या बियांचं हे असंच होतं. तेव्हापासून बियांसाठी राखलेल्या शेंगेलाच लाल दोरा बांधतो. पाटी गेली तरी दोरा झाडावर असतो.

आणि तारखेला कमी लेखू नका. मिरची उगवायला दोन आठवडे घेते. तारीख नसेल तर माणूस सातव्या दिवशी माती उकरतो.

आजी, बेळगाव

मी स्टीलचे जुने चमचे उलटे खोचून त्यांच्या बुडावर रंगाने नावं लिहिली होती. फार देखणी दिसायची. परवा साडेतीन वर्षांच्या नातवाने सगळे चमचे उपटून, धुऊन, मला जेवताना आणून दिले. सतरा होते. तेरा परत जागेवर गेले, चारांवरून घरात मतभेद आहेत.

धागाकर्ती, पुणे

आजी 😂

कौलं मिळवली, वही केली, कॅनची पट्टी कापताना बोटही कापलं. एक शंका. कोपऱ्यातल्या कुंडीत खतातून आपोआप एक वेल आलाय. पांढरी फुलं आहेत, संध्याकाळी उमलतात. दुधी असावा. काय लिहू?

परसदार, रत्नागिरी

दुधीच तो. पण आपोआप आलेल्याचा भरवसा नाही, कडू निघू शकतो, आणि कडू दुधी विषारी असतो. पहिलं फळ काढलं की कच्ची चकती जिभेला लावा. कडू लागली तर थुंका, वेल उपटा. भाजीही नको आणि रस तर अजिबात नको.

धागाकर्ती, पुणे

लिहिलं. ७ नंबर, वहीत: 'दुधी (बहुतेक). आधी मी चाखणार. काकूंना नंतर.'