मदत हवी आहे: वळताना टोफिश खाली बसतो

मंडळी, आम्ही साइड स्कॅन सोनारचा (ध्वनिलहरींनी समुद्रतळाचं चित्र काढणारं यंत्र) टोफिश, म्हणजे केबलने बोटीमागे पाण्यात ओढायचा भाग, मागच्या डेकवरून ए-फ्रेमने (उचलायची-सोडायची चौकट) सोडतो. सरळ लाइनवर चार नॉटला तो छान चालतो. 100 मीटर रेंजला (सोनारला बाजूला तेवढ्या अंतरापर्यंत दिसतं) तळापासून 10 ते 20 मीटर वर ठेवतो. खरी अडचण वळणावर. बोटीचा वेग पडला की केबल सैल होते आणि फिश थेट खाली जातो. तळ खडकाळ, त्यामुळे जीव टांगणीला लागतो. वळण्याआधी केबल गुंडाळून घ्यावी, की वेग न सोडता मोठा वळसा मारावा?

आणखी एक. उचलताना फिश झुलतो, ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर) आपटायला येतो. दोन्ही बाजूंनी टॅग लाइन (झोका आवरायचे दोर) धरतो, पण विंचवाल्याला (केबल ओढणारं यंत्र चालवणाऱ्याला) कडेची माणसं दिसत नाहीत. इशारे एकानेच द्यायचे, हे ठरवलंय. त्या वेळी बोट न्यूट्रलला ठेवली तर सैल केबल पंख्यात जायची भीती वाटते. तुम्ही काय करता?