शब्दचर्चा : ‘भाकीत’, ‘अंदाज’ की ‘ठोकताळा’?

पिंपळपान : अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलवरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. एनबीए या तेथील व्यावसायिक लीगच्या वार्षिक ‘ड्राफ्ट’पूर्वी, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीपूर्वी, कोणता खेळाडू व्यावसायिक खेळात किती टिकेल हे आकडेवारीवरून मांडतात, त्याला तेथे ‘प्रोजेक्शन’ म्हणतात. मी ‘भाकीत’ लिहिले होते, संपादकांनी ते खोडून ‘अंदाज’ केले. २००९मध्ये डेव्हिडसन कॉलेजच्या, पुढे अव्वल ठरलेल्या स्टीफन करीआधी सहा जणांची निवड झाली आणि २०१३मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला अँथनी बेनेट चार हंगामांतच एनबीएबाहेर गेला, तेव्हा इतका ठाम शब्द कशाला, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र ‘अंदाज’ फार सैल वाटतो, कारण आमटीतल्या मिठाचाही आपण अंदाजच घेतो.

रेघोटी : संपादकांचे बरोबर आहे. भाक म्हणजे वचन, त्यामुळे भाकीत करणारा आपल्या शब्दाला बांधला जातो. परंतु ‘अंदाज’ हा फारसी शब्द घेण्यापेक्षा ‘होरा’ का नको?

कातळशिल्प : फारसी नको म्हणून होरा घ्यायचा, तर तो ग्रीकमधून संस्कृतात आला आहे. ‘अहोरात्र’ या शब्दाची पहिली व शेवटची अक्षरे गाळून तो झाला, हे मत वराहमिहिराने नोंदवले असले तरी मला ते पटत नाही. चारशे वर्षे मराठीत नांदलेल्या ‘अंदाजा’ला परका म्हणणे अन्यायाचे आहे.

जुनीवही : माझे आजोबा दुकानाची बेरीज झाली की ताळा करून पाहत, म्हणून मला ‘ठोकताळा’ जवळचा वाटतो. फ्री थ्रोची, म्हणजे कोणी न अडवता मारायच्या नेमाची, रेषा महाविद्यालयात आणि एनबीएत सारखीच, बास्केटमागच्या फळ्यापासून १५ फुटांवर असते. जिच्या पलीकडून मारलेल्या नेमाला तीन गुण मिळतात ती थ्री-पॉइंटची रेषा मात्र एनबीएत कोपरे सोडता २३ फूट ९ इंचांवर, म्हणजे महाविद्यालयापेक्षा दूर आहे. म्हणून एखाद्याचे लांबचे नेम पुढे टिकतील का हे ठरवताना जाणकार त्याच्या फ्री थ्रोची टक्केवारीही पाहतात. हा ताळाच नव्हे काय?

कातळशिल्प : नव्हे. ताळा झालेल्या बेरजेचा असतो आणि येथे बेरीज अजून व्हायची आहे. शिवाय ठोकताळ्यात अनुभव असतो, गणित नसते.

पिंपळपान : याच लेखातील ‘प्रॉस्पेक्ट’साठी मी ‘होतकरू खेळाडू’ लिहिले आहे. ते तरी चालेल ना?

रेघोटी : मुळीच नको. ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’ हे शब्द शिष्यवृत्तीच्या जाहिरातींत इतके जोडीने आले आहेत की होतकरू म्हटले की दारिद्र्यच आठवते. ‘उदयोन्मुख’ लिहावे.

जुनीवही : जाहिरातींनी बिघडवला म्हणून चांगला शब्द टाकून द्यायचा का? होतकरू म्हणजे ज्याचे अजून काही व्हायचे आहे तो, आणि ड्राफ्टमध्ये नेमके त्यालाच मोल असते. जेलन ब्रन्सन व्हिलानोव्हा विद्यापीठाकडून तीन हंगाम खेळला, दोन राष्ट्रीय विजेतेपदांत सहभागी होता, तरी २०१८मध्ये त्याची निवड ३३व्या क्रमांकावर झाली. त्याची उंची बेताची होती हे खरेच, परंतु एकविसाव्या वर्षी तो पुरता घडलेला दिसत होता, आणि घडलेल्याला कोणी होतकरू म्हणत नाही.

रेघोटी : मग उदयोन्मुखही म्हणता येणार नाही, हे मान्य. तरी ‘होतकरू’ला माझा विरोध कायम आहे.

पिंपळपान : लेख उद्या द्यायचा आहे. ‘होतकरू’ ठेवतो, ‘प्रोजेक्शन’ची जागा अजून रिकामीच आहे.