गव्हाचा पाव, नाचणीची बिस्किटं घरी करायची आहेत – ओव्हन, टिन आणि बाकी काय काय घ्यावं?

रेवती_नाशिकरोड

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांना मधुमेह आहे, पण सकाळच्या चहाबरोबर पाव किंवा टोस्ट लागतोच. लेकीला शाळेच्या डब्यात बिस्किटं हवी असतात. दोघांचं तोंड बांधण्यापेक्षा घरीच करायचं ठरवलंय. गिरणीतून दळून आणलेल्या गव्हाचा पाव, नाचणीची बिस्किटं, कधीतरी गुळाचा केक. मैदा आणि डालडा घरात आणायचा नाही.

सध्या घरात साधा मायक्रोवेव्ह आहे (गरम हवेने भाजणारा कन्व्हेक्शन नाही), पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर, मिक्सर आणि भेट आलेला एक काळा नॉनस्टिक केक टिन. ओट्यावर दोनेक फूट जागा निघेल. खर्च आठ-दहा हजारांच्या आत बसवायचा आहे.

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) घ्यावा की कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह? किती लिटरचा? दुकानदार सिलिकॉनचे साचे आणि कणीक मळायचं यंत्र दोन्ही घ्या म्हणतोय. नॉनस्टिक तब्येतीला बरं का? ज्यांच्या घरी नियमित भट्टी चालते त्यांनी सांगा.

सातारची_मावशी

रेवती, कशाला एवढा खर्च? कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं, त्यावर स्टँड आणि टिन. मंद आचेवर पाऊण तासात केक तयार. आमच्या सगळ्या मुलांचे वाढदिवस असेच झाले.

खपली_सांगली

रेवतीताई, मी सांगलीत घरून खपली गव्हाचे आणि नाचणीचे पाव-बिस्किटं करून देते. गिऱ्हाइकांत मधुमेहवाले बरेच आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटला. लांबलचक लिहितेय, चालवून घ्या.

आधी ओव्हनचा विचार बाजूला ठेवा आणि चार-पाचशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा घ्या. मैद्याच्या केकला वाटीचं माप खपून जातं, गिरणीच्या पिठाला नाही. तीच वाटी अलगद भरली तर ११५-१२० ग्रॅम पीठ बसतं, डब्यात खुपसून दाबून भरली तर १५० ग्रॅमपर्यंत जातं. तीन वाट्यांच्या पावात म्हणजे जवळजवळ शंभर ग्रॅमचा फरक. पाणी मात्र तेवढंच पडतं. मग एकदा पाव विटेसारखा घट्ट होतो आणि लोक म्हणतात गव्हाचा पाव फुगतच नाही. शिवाय दर गिरणीचं दळण वेगळं, कोंडा वेगळा. वजन पक्कं असलं की पुढच्या वेळी दहा ग्रॅम पाणी वाढवावं की कमी करावं हे नेमकं कळतं.

वडिलांसाठी काट्याचा आणखी एक उपयोग. गव्हाचा असो वा खपलीचा, पाव म्हणजे पिष्टमय पदार्थच. घरी केला म्हणून चार तुकडे खाल्ले तर साखर चढणारच. मी गिऱ्हाइकांना सांगते, पाव पूर्ण गार झाल्यावर दात्यांच्या सुरीने कापा, एक तुकडा काट्यावर ठेवून बघा, ४० ग्रॅमच्या आसपास ठेवा आणि तसेच तुकडे फ्रीझरमध्ये टाका. सकाळी लागेल तेवढेच काढून तव्यावर शेकायचे. वडिलांना किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना ग्रॅममध्ये विचारता येतं.

दुसरी वस्तू म्हणजे ओव्हनच्या आत जाळीवर ठेवायचा थर्मामीटर. ओटीजीच्या बटणावर १८० लिहिलेलं असतं, आत १६० असेल किंवा २०० असेल. थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच) आतला तापणारा रॉड चालू-बंद करत राहतो, त्यामुळे तापमान सतत वरखाली होतं. नवीन ओव्हन आणलात की रिकामाच तापवा, रॉड दोन-तीनदा चालू-बंद होऊ द्या आणि मग आकडा वाचा. फरक किती आहे ते चिठ्ठीवर लिहून ओव्हनला चिकटवून टाका.

नाचणीसाठी हा थर्मामीटर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर भाजला, तळला की त्यात ॲक्रिलामाइड नावाचं नकोसं द्रव्य तयार होतं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. म्हणून सोनेरी झालं की काढावं. पण नाचणीचं पीठ मुळातच तपकिरी, त्यात गूळ! भाजल्याचा रंग डोळ्यांना दिसतच नाही. करपल्याचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून नाचणीची बिस्किटं नजरेवर सोडायची नाहीत, तापमान आणि वेळ बघून करायची. मी १६० अंशांवर करते. जाडी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर कडा करपतात आणि मध्य कच्चा. पोळपाटावर गोळ्याच्या दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवा. पट्ट्या सुताराकडून तासून मिळतात.

आता ओव्हन. तुमच्याकडे काहीच नाही, तर ओटीजीच घ्या, २५ ते ३० लिटरचा. दहा-पंधरा लिटरच्या लहान ओव्हनमध्ये पाव फुगून वरच्या रॉडजवळ जातो, माथा काळा आणि पोट ओलं. गूळ घातलेल्या पदार्थाला तर रंग लवकरच चढतो. वरचा आणि खालचा रॉड वेगवेगळा लावता येतो ना, हे दुकानात बघून घ्या. आत पंखा असेल तर बिस्किटांना चांगला, केकला मी तो बंद ठेवते कारण माथा लवकर सुकून तडकतो. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घरात असताच तर त्यातच करा म्हटलं असतं. त्यातही पाव होतो, फक्त धातूचा टिन निव्वळ कन्व्हेक्शनवर चालतो, मायक्रोवेव्ह चालू असताना नाही.

टिनबद्दल. काळा टिन उष्णता जास्त ओढून घेतो. तुमचा भेटीचा टिन वापरायचा तर तापमान १०-१५ अंश उतरवा. नॉनस्टिकचा थर २६० अंशांच्या वर बिघडू लागतो, तुम्ही २०० च्या आसपासच असणार, त्यामुळे नेहमीच्या बेकिंगला भीती नाही. रिकामा टिन वरच्या रॉडखाली तापवू नका, आतून सुरी फिरवू नका आणि थर सोलवटला की टिन काढून टाका. रोजच्या पावाला माझा भरवसा साध्या पांढुरक्या ॲल्युमिनियमच्या टिनवर, ८ x ४ इंच, थोडा जड बघून घेतलेला. दही, ताक, लिंबू घातलेलं मिश्रण मात्र उघड्या ॲल्युमिनियमवर ओतू नये, आंबटाची आणि त्या धातूची प्रक्रिया होते. खाली कागद घाला. कागद घेताना नीट बघा, ‘बटर पेपर’ म्हणून जे रोल मिळतात त्यांतले काही नुसते गुळगुळीत कागद असतात आणि पावाला चिकटून बसतात. सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर मागा.

सिलिकॉनचे साचे मफिनपुरते ठीक. त्यात कड खरपूस होत नाही, म्हणून पावाला उपयोग नाही. घ्यायचेच तर दुकानात साचा मुरगळून बघा. वळलेल्या जागी पांढरी रेघ दिसली तर भेसळ असू शकते, ठेवून द्या.

मळायच्या यंत्राला माझं स्पष्ट ‘नको’. पोळ्यांची कणीक तिंबणाऱ्या हातांना त्याची गरजच नाही. गव्हाच्या पिठात कोंडा असतो, तो पाणी सावकाश पितो. पीठ आणि पाणी नुसतं कालवून परातीत ४० मिनिटं झाकून ठेवा. मग यीस्ट, मीठ, तेल घालून दहा मिनिटं मळलं की कणीक आपोआप लवचीक होते. ते पैसे टोचून बघायच्या थर्मामीटरवर घाला. पावाच्या पोटात ९५ अंश झाले की तो शिजला.

मापाचे चमचेही घ्या, ५ आणि १५ मिलिलिटरचे. चहाचा चमचा घरोघरी वेगळा असतो. एका सपाट पाच मिलिलिटरच्या चमचाभर खायच्या सोड्यात साधारण १२५० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० च्या आत राहायला सांगते. वडिलांना रक्तदाबही असेल तर शीग लावलेला चमचा महागात पडतो.

मावशी, कुकरमधला केक मीही खाल्लाय, चव छानच असते. पण आत किती तापलंय ते कुकर सांगत नाही, आणि पाण्यावाचून तापवू नका असं कुकरबरोबरच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. वर्षातून एकदाच्या केकला ठीक, आठवड्याच्या पावाला नाही.

निवृत्त_वायरमन

वरचा सल्ला उत्तम. विजेचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

घरातला साधा लहान पॉइंट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्ट गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. तीस लिटरचा ओटीजी १५००-१६०० वॅटचा येतो, त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंटच हवा, मागे किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. लहान पिनचा ॲडॉप्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर ओव्हन कधीही चालवू नका. पाऊण-एक तास सलग भार असतो, प्लग वितळतो. त्याच लाइनवर इंडक्शन किंवा गिझर एकाच वेळी नको.

ओव्हनच्या मागे आणि बाजूंना चार बोटं तरी मोकळी जागा सोडा, वर कागदी पिशव्या ठेवू नका. बिलाची काळजी नको, तासाभराच्या पावाला साधारण एक युनिट धरा, थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद होतो.

मडगांवचो_पोदेर

आमच्या गोव्यात पोई (गोल पाव) कोंड्यासकट पिठाची असते आणि ती भट्टीच्या तापलेल्या जमिनीवर भाजतात. खालून जोरदार आच मिळाली की कोंड्याचं पीठसुद्धा पटकन उसळतं. घरच्या ओटीजीत तसं करायचं तर बिडाचा बिनदांडीचा तवा खालच्या जाळीवर ठेवून अर्धा तास पूर्ण तापवा आणि पोई थेट त्यावर टाका. तवा जाळीपेक्षा लहान हवा, कडेने हवा फिरली पाहिजे. हातमोजे जाड घ्या, ओल्या फडक्याने धरू नका.

रेवती_नाशिकरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. वायरमनकाका, स्वयंपाकघरात १६ चा एक पॉइंट आहे, वायर कुठली ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घेते. ओटीजी, काटा, दोन्ही थर्मामीटर, चमचे आणि एक टिन, बेतात बसतंय. यंत्र आणि सिलिकॉन बाद.

खपलीताई, पहिल्या पावाचं प्रमाण त्या ८ x ४ च्या टिनसाठी द्याल का? आणि वडिलांसाठी थेट खपलीपासूनच सुरुवात करू का?

खपली_सांगली

थेट खपली नको. तिच्यातलं ग्लूटेन (कणीक ताणून धरणारं प्रथिन) नाजूक असतं, पाव पसरतो. आधी साध्या गव्हावर हात बसवा, मग निम्मी खपली घाला, तेव्हा पाणी थोडं कमी लागेल. (खपलीतही ग्लूटेन असतंच, गहू वर्ज्य असलेल्या कुणाला देऊ नका.)

गव्हाचं पीठ ३५० ग्रॅम, पाणी २६० ग्रॅम, मीठ ६, इन्स्टंट यीस्ट ४, तेल १५. पाणीसुद्धा काट्यावरच मोजा. पीठ मैद्याच्या नाही, पोळ्यांच्या चाळणीने चाळा आणि कोंडा फेकू नका. भिजवून ४० मिनिटं, मळून दुप्पट होईपर्यंत, मग टिनमध्ये वळकटी करून ठेवा. कणीक काठाला आली की ओव्हनमध्ये. दुसऱ्यांदा दुप्पट व्हायची वाट बघू नका, गव्हाची कणीक जास्त फुगली की भट्टीत बसते. नाशिकला मे महिन्यात हे फार लवकर होईल, तेव्हा गार पाणी घ्या.

थर्मामीटरवर २०० अंश, दोन्ही रॉड चालू, जाळी खालून दुसरी, ३५ मिनिटं. वीस मिनिटांनी माथा रंगला असेल तर वर फॉइल अलगद ठेवा, रॉडला टेकू देऊ नका. पोटात ९५ आले की लगेच टिनमधून काढून जाळीवर ठेवा, टिनमध्ये राहिला तर तळ ओला होतो. निदान दोन तास कापू नका.