मदत हवी आहे: रात्री दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जाताना खिशात ठेवण्यासाठी भरवशाचं आग पेटवायचं साधन कोणतं?

पूर्णाथडी

नमस्कार मंडळी,

आमची शेती परभणी जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या बाजूला. रब्बीत ज्वारी, हरभरा आणि विहिरीच्या भरवशावर थोडा गहू. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने येते. रात्रीची पाळी लागली की अण्णा (माझे वडील) जेवण उरकून आखाड्यावर (शेतातल्या शेडवर) मुक्कामाला जातात. मी नोकरीसाठी नांदेडला, गावी फक्त शनिवार-रविवार. अण्णा सत्तरीला आलेत. गडी लावू म्हटलं तर ऐकत नाहीत. त्यांच्या हातून पाणी नीट बसतं, हेही खरंच आहे.

परभणीचा हिवाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि त्यात रात्रभर पाय चिखलात, हात पाण्यात. दोन वाजेपर्यंत बोटं बधिर होतात. तेव्हा धुऱ्यावर (बांधावर) शेकोटी लागतेच. शेकायलाही लागते आणि चहालाही.

अडचण पेटवण्याची आहे. अण्णा बंडीच्या खिशात काडीपेटी ठेवतात. दव आणि ओले हात यांनी पेटीच्या बाजूची तपकिरी पट्टी मऊ पडते. काडी ओढली की पट्टीचा लगदा गुलाला चिकटून येतो, दुसऱ्या काडीचा गुल गळून पडतो. याचं कारण शोधलं. आपल्या नेहमीच्या काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि तांबडा फॉस्फरस असतो पेटीच्या पट्टीत. दोन्ही घासल्याशिवाय जाळ नाही. म्हणजे काड्या प्लास्टिकच्या पिशवीत कितीही जपल्या, तरी पट्टी भिजली की पेटी कामातून गेली. पेटी 2 रुपयांना मिळते, पण अडीच वाजता शेतात तिचा उपयोग होत नाही.

साधा गॅस लायटर आणून दिला. त्यांचा उजवा अंगठा सांध्यात आखडलेला आहे. ते बारीक चाक फिरवून लगेच खटका दाबून धरणं त्यांना जमत नाही, आणि थंडीत तर नाहीच. शिवाय वाकून दारं मोडताना खिशात खटका दाबला जातो आणि गॅस निघून जातो. उन्हाळ्याची आणखी वेगळी काळजी. लायटरवर 50 अंशांच्या वर तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 43-44 असतं, मग उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किती होत असेल?

चार्जिंगवाला प्लाझ्मा लायटर पाहिला. वाऱ्यात विझत नाही हे खरं, पण दोन टोकांच्या मधल्या फटीत मावेल तेवढंच पेटतं, आणि लाईटच्या भरवशावर आणखी एक वस्तू मला नको. पेट्रोलचा लायटर तर वापरला नाही तरी आठ-पंधरा दिवसांत उडून कोरडा होतो.

आता फेरो रॉडबद्दल वाचतोय, म्हणजे खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी. 1903 मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी लोखंड आणि सेरियमच्या या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. लायटरच्या चाकाखाली जो बारीक खडा असतो तो याच धातूचा. ठिणगी 3000 अंशांच्या आसपास तापते, आणि रॉड पाण्यात पडला तरी पुसून घासता येतो. कागदावर सगळं उत्तम. पण सत्तरीच्या माणसाला, आखडलेल्या अंगठ्याने, अंधारात जमेल का? किती जाडीचा घ्यावा? मॅग्नेशियमचा ठोकळा बरा की नुसता रॉड? बजेट 400 रुपयांच्या आत. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगावं. जाहिराती मी भरपूर पाहिल्यात.

डोंगरवाट

दादा, मी छत्रपती संभाजीनगरचा. अंतूर, वेताळवाडी, देवगिरी अशी भटकंती असते, रॉड सॅकमध्ये कायम. अंगठ्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

बहुतेक लोक रॉड एका हाताने खाली टेकवतात आणि दुसऱ्या हाताने खरवडणी (रॉडसोबत येणारी पत्र्याची पट्टी) जोरात पुढे ढकलतात. यात अंगठ्यावर सगळा भार येतो. शिवाय हात जाऊन ठिणगी झेलायला खाली ठेवलेल्या कापसावर आदळतो आणि रचलेलं विस्कटतं. याच्या उलट करायचं. खरवडणी कापसाच्या अगदी वर, गुडघ्याला टेकवून घट्ट धरायची, हलवायची नाही. रॉड तिच्याखालून मागे, आपल्याकडे ओढायचा. मुठीची पकड आणि खांद्याची ताकद पुरते. दारं धरणाऱ्या माणसाच्या खांद्यात ती असतेच.

6 मिमीचा रॉड घेऊ नका, बोटांत बसत नाही आणि आडवा दाब पडला तर मोडतो. 10 मिमी जाडीचा, जाड लाकडी मुठीचा घ्या. नव्या रॉडवर काळा लेप असतो, तो खरवडून काढेपर्यंत ठिणगी पडत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे लोक चांगला माल बाद समजून परत पाठवतात. अण्णांच्या हाती देण्याआधी एक बाजू तुम्हीच चकचकीत करून द्या.

मॅग्नेशियमचा ठोकळा तुमच्या कामाचा नाही. त्याचा जाळ फार कडक, पण मूठभर कीस पाडायला वेळ लागतो आणि धुऱ्यावरच्या वाऱ्यात तो उडून जातो. बधिर बोटांनी तर ते नकोच. तरी कोणी घेणार असेल तर थोडा कीस व्हिनेगरमध्ये टाकून बघा. खरं मॅग्नेशियम लगेच फसफसतं.

रॉड जवळ आहे म्हणून कुठेही पेटवू नये, हेही इथे सांगतो. गौताळा, येडशी रामलिंग, नायगाव ही आपल्याकडची अभयारण्यं आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 30 प्रमाणे अभयारण्यात आग लावायला मनाई आहे. चहासाठी पेटवणारे पाहिले की जीव कळवळतो, वाळलेल्या गवताला वेळ लागत नाही.

ऐरण

आमचं वर्कशॉप आहे, म्हणून फक्त खरवडणीबद्दल. रॉडसोबत येणारी पातळ पत्र्याची पट्टी फेकून द्या. तुटकं हॅक्सॉ ब्लेड घ्या, वितीपेक्षा थोडं कमी, आणि त्याची पाठ ग्राइंडरवर अशी घासून घ्या की रंग निघून कड काटकोनात येईल. ती कड रॉडला चावली पाहिजे. दातांच्या बाजूला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून जाड मूठ करा, म्हणजे अण्णांना अंगठा न दुमडता धरता येईल. खर्च जवळपास नाहीच.

कोणी चकमक सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. आपल्या काळ्या दगडाच्या माळावर चांगली गारगोटी पायाखाली सापडते, आणि जुन्या कानशीचं पोलाद तिच्यावर सुंदर ठिणगी देतं. साध्या लोखंडी सळईला ते जमत नाही. पण ती ठिणगी थंड असते, ती झेलायला आधी जाळून काळा केलेला कापूस किंवा चिंधी लागते, आणि ती दवात सादळली की संपलं. मला चकमक मनापासून आवडते, पण गारठलेल्या माणसाच्या हातात देऊ नका. फेरो रॉडला पोलादाचीही गरज नाही, काचेच्या धारेनेसुद्धा ठिणगी पडते.

तुरीचा धुरा

भाऊ, मी हिंगोली जिल्ह्यातली. रात्रीच्या पाळीला आम्ही नवरा-बायको दोघं जातो. वरच्या दोघांनी ठिणगीचं सांगितलं, पण ठिणगी पडून जाळ होत नाही, खाली काय ठेवता त्यावर सगळं आहे.

घरचा वेचणीचा कापूस घ्या, सरकी काढलेला. त्याला व्हॅसलीन चोळा, पण पार बुडवू नका, आत थोडा कोरडा राहिला पाहिजे. नुसता कापूस भपकन पेटतो आणि राख होतो, व्हॅसलीनचा बोळा काही मिनिटं जळतो. तेवढ्यात बारीक काटक्या धरतात. असे बोळे घट्ट झाकणाच्या औषधाच्या डबीत भरा. पेटवताना बोळा चांगला पिंजून तंतू सुटे करायचे. गच्च गोळ्यावर कितीही ठिणग्या पाडा, धरत नाही. अण्णांना हेच एकदा उजेडात करून दाखवा.

डबीत कापराच्या दोन वड्याही ठेवा. धुकं फार असलं की मी कापूर चुरून कापसात घालते. झाकण सैल राहिलं तर मात्र कापूर हवेत उडून जातो. सायकलच्या ट्यूबची एक पट्टी असू द्या, ती ठिणगीने पेटत नाही, पण कापसाच्या जाळावर धरली की ओली असली तरी जळत राहते.

तुराट्या आणि पऱ्हाट्या आखाड्याच्या पत्र्याखाली उभ्या ठेवा. जमिनीवर आडव्या टाकल्या की ओल ओढतात. एकदा जाळ धरला की वर गोवरी ठेवा, ती विस्तव पहाटेपर्यंत धरते आणि पुन्हा पेटवायचं कामच पडत नाही. हुरड्याच्या आगटीत आपण हेच तर करतो.

आणि भाऊ, अण्णांना खिशातल्या एकाच वस्तूवर सोडू नका. लांब नळीचा, गॅस भरलेला लायटर येतो, मेणबत्त्या पेटवायचा. त्याचा घोडा चारही बोटांनी ओढता येतो, अंगठा लागत नाही. तो आखाड्यात खुंटीला, सावलीत टांगून ठेवा. स्वयंपाकघरातला नुसता ठिणगीचा लायटर मात्र आणू नका, तो गॅसच्या शेगडीलाच पेटवतो, कापसाला नाही.

शेकोटी कडब्याच्या गंजीपासून आणि वाळलेल्या हरभऱ्यापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, ओल्या सरीजवळ खड्डा करून पेटवायला सांगा. एक ठिणगी गंजीत गेली तर जनावरांचा वर्षाचा चारा जातो. आमच्या शिवारात हे झालंय. ते कुटुंब अजून सावरलेलं नाही.

पूर्णाथडी

ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. मागे ओढायची रीत वाचून जिवाला बरं वाटलं. अण्णा घट्ट गाठी सोडतात त्या याच पकडीने, त्यामुळे त्यांना जमेल असं वाटतंय. 10 मिमीचा लाकडी मुठीचा रॉड मागवतो, हॅक्सॉ ब्लेड इथूनच घासून नेतो. कापूस आणि तुराट्या घरच्याच आहेत.

दोन शंका राहिल्या. रॉड उन्हाळ्यात घामाने खराब होतो का? आणि लांब नळीचा लायटर मी नांदेडहून रेल्वेने नेला तर चालेल का?

डोंगरवाट

घामाने होतो. ओल आणि खारट घाम लागत राहिला की रॉडवर पांढरट भुकटी धरते आणि धातू खात जाते. पावसाळ्यात नेलपॉलिशचा पातळ हात द्या, किंवा मोटारीच्या तेलाचं बोट फिरवून फडक्यात गुंडाळा. घासायच्या वेळी तो थर आपोआप निघतो. रॉड आणि कापसाची डबी वेगळ्या खिशांत नको, एकाच दोरीला बांधा आणि दोरी बंडीच्या काजात अडकवा. अंधारात हातातून सुटलं तर चिखलात शोधावं लागणार नाही.

लायटर रेल्वेने नेऊ नका. ज्वलनशील वस्तू गाडीत नेण्यावर रेल्वे कायदा 1989 प्रमाणे बंदी आहे, कलम 164 मध्ये शिक्षा आहे. परभणीच्या बाजारात उतरल्यावर घ्या, आणि अण्णांना दुकानातच घोडा ओढून बघायला सांगा. काहींची स्प्रिंग फार कडक असते.

पूर्णाथडी

ठरलं. शनिवारी अण्णांना घेऊनच बाजारात जातो.